कानांवरची गाठ

आसेगाव, पौष वद्य ४, मंगळवार

आज दादाच्या सायकलवर मंगरूळला जाऊन आलो. मागून आलेल्या लॉरीखाली तो गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. निघताना आई म्हणाली, थंडी आहे, कान बांधून घे. तिच्यासमोर उपरणे बांधले आणि गावाबाहेर सोडले.

सारे लक्ष मागे. पण मान वळवली की सायकलही रस्त्याच्या मध्यावर जाई. एका गाडीवानाने हटकलेच, "मास्तर, घडी घडी मांगं कायले पाहून राह्यले? मांगचं कानानं पाहा, डोयानं नाही!"

मग समोर बघत, कान देऊन चालवली. लॉरी ऐकू आली तेव्हा बरीच दूर होती. उतरून कडेला उभा राहिलो. ती गेल्यावर पुन्हा सायकलवर बसलो. इतक्या दुरून ऐकू येते तर. दादालाही आले असते.

घरी आल्यावर आईने विचारले, "कान लाल झाले तुये. उपरणं नोतं का बांधलं?"

सुटले म्हणालो.

"तुले गाठच मारता येत नाही."

त्या सकाळी दादाच्या कानांवर गाठ मीच मारली होती. घरी आणला तेव्हाही ती तशीच घट्ट होती. आईला हे अजून सांगितलेले नाही.