चार वाजताचा नकाशा

२ सप्टेंबर

चार वाजले. रेडिओ, कोरा नकाशा, दोन पेन्सिली. हवामान केंद्रांत पहिलं नाव नेहमी ईशिगाकी. वारा आग्नेय, जोर तीन, ढगाळ, दाब १००८, तापमान तीस. मग नाहा, मग मिनामी दाइतो, मग उत्तरेची बेटं, मग समुद्रावरची जहाजं. सगळ्यात शेवटी कमी दाब कुठे आहे, कुठे निघालाय. वीस मिनिटं. हात थांबला की गेलं – वाचणारा मागे वळत नाही.

मग मी समदाबाच्या रेषा ओढते आणि बाबा भिंग घेऊन बसतात. चाळीस वर्षं कुपा मासा धरायच्या होडीवर काढली, इंजिनाच्या डोक्यावर झोपले. कान तिथेच गेले. ऐकू यायचं तेव्हा म्हणायचे, "हा वाचणारा जन्मात भिजलेला नाही. आवाजच सांगतो."

आज म्हणाले, "जाऊ दे." म्हणजे माझ्या भावाने, मोरिहिदेने, उद्या दक्षिणेच्या बोयांवर, तरंगत्या पिंपांखाली मासा जमतो तिथे, जायला हरकत नाही. खिडकीबाहेर ओकुहारा काका आणि आणखी दोघे उभे होते. ते आमच्या घरचे नव्हेत, पण "जाऊ दे" ऐकायला रोज येतात.

६ सप्टेंबर

मोरिहिदे परत आला. म्हणाला, "ताई, तुझ्या कागदावर लाट एक मीटर होती. माझ्या भाताच्या डब्यात दोन मीटर आली."

बाबांनी ओठ वाचले असावेत. "डबा घट्ट लाव हेही रेडिओने सांगायचं का?"

हात्सुए हसून हसून ओट्यावर बसली. माझी भावजय हसताना तोंडावर हात घेत नाही. मला ते आवडतं.

९ सप्टेंबर

नाहा सोडून दोन वर्षं झाली. तिथे मी शाळेत साहित्य शिकवायचे. मुलींना सांगायचे, विशेषण खोडा आणि वाक्य उभं राहतं का बघा. आता रोज एक नकाशा लिहिते. त्यात विशेषण नाही.

मुख्याध्यापिकांना पत्र टाकलं. जागा आहे का, एवढंच. बाबांना सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

हवामानाचं बातमीपत्र चालू असताना फोन वाजला. शाळेतून, मुख्याध्यापिकांचा. एप्रिलपासून जागा आहे. मी हो म्हणाले. मग त्या जुन्या लोकांबद्दल बोलत राहिल्या, मीही बोलत राहिले.

परत आले तेव्हा जहाजं संपली होती, कमी दाबही संपला होता. कालचा कमी दाब आग्नेयेला होता, फार लांब, संथ. तो त्याच चालीने पुढे सरकवला. तीन अंश. रेषा ओढल्या. छान आल्या.

बाबा पुष्कळ वेळ बघत होते. ईशिगाकीवर बोट ठेवलं. "हे नीट ऐकलंस?"

मी मान हलवली. ते खरं होतं. वारा ईशान्य, पाच, दाब १००३.

बोट खाली गेलं, कमी दाबावर. "आणि हे?"

मी मान हलवली.

त्यांनी नकाशाची घडी केली आणि उशीखाली ठेवली. जाऊ दे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. लवकर आडवे झाले. दहाला पुन्हा बातमीपत्र असतं. मी ते कधी ऐकत नाही.

१५ सप्टेंबर

मी उठायच्या आत मोरिहिदे गेला होता. म्हणजे बाबांनी त्याला जा म्हटलं असणार.

बाबांच्या उजव्या तळव्याचं सालटं निघालंय. काय झालं, म्हणून पाटीवर लिहिलं. "काठी घसरली." औषध लावलं. एका हाताने कारल्याच्या मांडवाला निळी दोरी बांधली त्यांनी, कुठून आणली कोण जाणे. मग दिवसभर दक्षिणेच्या खिडकीत.

चार वाजता: कमी दाब नव्हे, वादळ. आणि मी ठेवलं होतं तिथे नाही. जवळजवळ तीनशे मैल आपल्या बाजूला.

तरी हात चालत राहिला. नकाशा पुरा केला. मग मच्छीमार संस्थेकडे धावले. तिथे हात्सुए आधीच होती, वायरलेसच्या टेबलाशी. तिचा आवाज बसला होता.

१६ सप्टेंबर

मांडव पडला. वीज नाही. वायरलेसवर उत्तर नाही.

१९ सप्टेंबर

समुद्र उतरला. अकरा होड्या शोधायला गेल्या. बर्फाच्या पेटीचं झाकण मिळालं. त्यावर होडीचं नाव माझ्याच अक्षरात आहे. गेल्या नववर्षाला मीच रंगवलं होतं.

२३ सप्टेंबर

शोध थांबवला.

२७ सप्टेंबर

संस्थेत बैठक. ओकुहारा काका बाबांच्या होडीवर इंजिन सांभाळायचे. त्यांनी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "कप्तान, तुम्ही त्याला जा म्हणालात?"

"म्हणालो."

"त्या नकाशावर?"

"नकाशा बरोबर होता. मी वाचायला चुकलो."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला कोणी काही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना मागून ऐकू आलं, "म्हातारा कागद उलटा धरत असेल." दुसरा म्हणाला, "आपणही त्याच्याच खिडकीत उभे राहायचो की." बाबांना ऐकू आलं नाही. या एका गोष्टीचं बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

२८ सप्टेंबर

बाबांना कळलंय का? ईशिगाकीला ईशान्य पाच आणि १००३ – असा वारा असताना कमी दाब तेवढ्या लांब असूच शकत नाही. मला ते आज कळतंय, पुन्हा पुन्हा नकाशा काढून. त्यांना एका नजरेत कळायला हवं होतं. मग जा का म्हणाले? माझ्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला म्हणून?

पाटीवर लिहिलं: त्या दिवशी मी. एवढंच. मग पुसलं.

४ ऑक्टोबर

संध्याकाळी खिडकीत कोणी येत नाही. तरी बाबा नकाशा मागतात. बघतात. "जाऊ दे" म्हणतात, कोणाला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या जातात, पण दुसऱ्यांच्या सांगण्यावर.

११ ऑक्टोबर

हात्सुए एकदाही आली नाही. तिच्या घरी गेले तर दार लोटलेलं, आत शिवणयंत्राचा आवाज. हाक मारली. यंत्र थांबलं. दार उघडलं नाही.

१२ ऑक्टोबर

ईशिगाकी: वारा ईशान्य, चार, स्वच्छ, १०१४.

१९ ऑक्टोबर

ओकुहारा काका हात्सुएचा निरोप घेऊन आले. दारातूनच बोलले. रीतीप्रमाणे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी किनाऱ्यावर धूप लावायचा आहे, देह मिळालेला नाही म्हणून तिथेच. "ती म्हणते, कप्तानांनी येऊ नये."

"बापाने येऊ नये?"

"मी निरोप्या आहे, चियो. बाप तुझाही आहे. तूच जाऊन विचार."

बाबांना पाटीवर लिहून दाखवलं. वाचून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." पाटी माझ्याकडे परत दिली. मग मोरिहिदेचा काळा कोट, लग्नातला, बाहेर काढायला सांगितला. स्वतः जाणार नाहीत, पण कोट किनाऱ्यावर जायला हवा. पाण्यातल्या माणसाला कपडे लागतात.

२५ ऑक्टोबर

शाळेला नकार कळवला. कारण लिहिलं नाही. चांगलं पत्र होतं, तीन ओळी.

हा धीर नव्हे. धीर दुसरीकडे लागणार आहे, आणि तो रोज मी उद्यावर टाकते. मी बोलले तर बाबांना त्यांचं नाव परत मिळेल, खिडकीतली माणसं परत येतील. पण मोरिहिदेला बुडवणारी ताई, असं हात्सुए मरेपर्यंत म्हणेल. नाही बोलले तर ती ते बाबांना म्हणेल, आणि ते ऐकून घेतील. ऐकू येत नसताना.

३० ऑक्टोबर

बाबा जेवले नाहीत. कारलं शिजवलं होतं, पडलेल्या वेलाचं शेवटचं. म्हणाले, "कडू नाही आलं यंदा." वादळात समुद्राचं खारं पाणी प्यालेल्या वेलाला कडूपणा धरत नाही म्हणतात.

तळवा भरून आलाय. मधोमध आडवा चकचकीत पट्टा राहिला. काठीची मूठ गोल आहे, आणि हा पट्टा एवढा सरळ.

२ नोव्हेंबर

उद्या एकोणपन्नासावा. काय सांगायचं ते लिहून काढलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी उरलं ते एवढंच: फोन आला, मी ऐकलं नाही, कमी दाब मनाने मांडला, विचारल्यावर खोटं बोलले. विशेषण नाही.

सकाळी, किनाऱ्यावर जायच्या आधी, तिच्या घरी.

३ नोव्हेंबर

हात्सुएने दार उघडलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

म्हणाली, "वन्सं, बाबा जा म्हणालेच नव्हते. पहाटे काठी टेकत धक्क्यावर आले. होडीची दोरी धरून बसले. म्हणाले, नकाशा चुकलाय, जाऊ नकोस. कुणी चुकवला ते बोलले नाहीत. हे म्हणाले, एवढी वर्षं कागदावर चालवलंत, आणि आज बोयावर मासा आलाय तर कागद खोटा? होडी मागे घेतली. दोरी बाबांच्या तळव्यातून ओढत गेली, तरी सोडेनात. मग यांनी सुरी काढली. मी दिवा धरून उभी होते. सकाळभर वायरलेसवर हाका मारल्या, यांनी तो लावलाच नव्हता. बाबा म्हणाले, पोराने बापाची दोरी कापली हे गावात कळायला नको. मला त्यांचा हात बघवत नाही हो. म्हणून नका येऊ म्हटलं."

घरी आले. मोडक्या मांडवावरची निळी दोरी हातात घेतली. एक टोक तापवून बंद केलेलं. दुसरं कापलेलं, सरळ, एका घावात.

बाबा आतून म्हणाले, "चार वाजले का?"