दोन्ही छान आहेत म्हणे

प्रिय ताईस धाकट्याचा नमस्कार.

बाबांच्या लाडक्या सिंफनीच्या रेकॉर्डपायी दर रविवारी तासभर तोंडाला कुलूप लावून बसलेल्या आपण दोघांनी कधी तक्रार केली नाही. आज मी करतो आहे.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, जेवणाची आबाळ नाही, आणि कारखान्यात आता मी व्हायोलिनला तारा लावतो. तुझी पाठ कशी आहे?

बाबांना मी त्याच सिंफनीची दोन ध्वनिमुद्रणं मुद्दाम पाठवली. त्यातला दुसरा भाग किती दबक्या आवाजात वाजतो, आठवतं ना? एका वाद्यवृंद-संचालकाने तो इतका संथ घेतलाय की जीव टांगणीला लागतो. दुसरा नुसता धावत सुटतो. मला वाटलं, बाबांचं आठ पानी भाषण येणार. आलं एका ओळीचं कार्ड: "दोन्ही छान आहेत."

ताई, असं कुणी धावलं की हाच माणूस विचारायचा, "याची काय बस चुकतेय का?" याच भागावरून त्यांनी काकांशी दोन वर्षं अबोला धरला. आणि आता दोन्ही छान?

तू लिहितेस, बाबा हल्ली शांत झालेत, वाद घालत नाहीत. मला ती शांतता पटत नाही. त्यांना ऐकू येत नसावं, आणि ते कबूल करणार नाहीत. कार्ड आल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

उद्या ते खुर्चीत बसले की पाठीमागे उभी राहा, नेहमीच्या आवाजात एकदा "बाबा" म्हण, आणि ते वळले की नाही तेवढं मला लगेच कळव.

तुझा,
धाकटा