सरांच्या चाळीस ओळी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

नाही जमलं! सकाळपासून टर्मिनलच्या काळ्या खिडकीसमोर बसलेय आणि ती एकच वाक्य तोंडावर फेकतेय — ओळख पटली नाही. अगं बाई, मी हीना. तीन वर्षं याच लॅपटॉपवर बसते. आणखी कशी पटवू ओळख?

काम तसं सोपं वाटलं होतं. मी घरून काम करते त्या पुण्याच्या कंपनीतून सगळ्यांना निरोप आला — एआय एजंट कमांड लाइनवरून, म्हणजे याच काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून, कोड तपासणाऱ्या प्लॅटफॉर्मला जोडून बघा. प्लॅटफॉर्म प्रोग्राममधले दोष काढणार, एजंट ते वाचून दुरुस्ती सुचवणार, आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. इरा, म्हणजे आमची टीम लीड, म्हणाली, शुक्रवारी सगळ्यांपुढे कोण करून दाखवतं? आणि मीच हात वर केला. हौस!

कंपनीचा कोड प्रयोगाला देत नाहीत. म्हणून आपल्या गावाच्या पाण्याचा प्रोग्राम घेतला. आठ गल्ल्या, रोज एका गल्लीला नळ. मंगळवारी मात्र पाणी नाही — बाजार असतो आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर कांद्याचा ढीग मांडलेला असतो, तो कोण हलवणार! ज्या गल्लीची पाळी मंगळवारी येते तिला बुधवारी पाणी, आणि मागचे सगळे एकेक दिवस पुढे. कोणाची पाळी कधी, ते प्रोग्राम काढतो. आदल्या संध्याकाळी त्या गल्लीला मेसेज जातो, आणि अकीलचाचांना, कारण व्हॉल्व्हची चावी ते फिरवतात.

शाळेतल्या आमच्या लक्ष्मीकांत सरांनी हा प्रोग्राम २०१६ साली लिहिला. सगळा त्यांनी, पण पाळीचं गणित माझं! बारावीत होते. ग्रामपंचायतीत सर सगळ्यांपुढे म्हणाले होते, ‘पाळीचं गणित हीनाचं आहे.’ तेव्हापासून अब्बा गादी भरायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवतात. कापूस पिंजून होईपर्यंत बिचाऱ्याला पळताही येत नाही.

मलाही ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पुण्याच्या मुलाखतीतही मी हेच सांगितलं होतं. गाव माझ्या गणितावर पाणी पितं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चूक सापडली. जोडणीचं टोकन, म्हणजे ओळख पटवायची लांबलचक अक्षरं, एकदाच दाखवतात, परत नाही. म्हणून मी शहाणीने ते याच वहीच्या मागच्या पानावर हाताने उतरवून घेतलं होतं. घाईत मधलं एक अक्षरच गाळलं! नवीन टोकन काढलं. पान फाडून चुलीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जोडलं गेलं!!

एक कमांड, एक टोकन, आणि एजंटने प्लॅटफॉर्मवरचा आपला प्रोजेक्ट ओळखला. लिहिलं, ‘त्रेसष्ट दोष दिसत आहेत. कुठून सुरुवात करू?’ मी खुर्चीत टाळी वाजवली. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, काय फुटलं?

अब्बांना दाखवलं. एजंट म्हटलं की त्यांना विमेवालाच आठवतो. म्हणाले, ‘हा हप्ता नाही मागत ना?’ नाही म्हटल्यावर पिंजायला गेले.

त्रेसष्टमध्ये माझ्या गणितात किती? शून्य! एक डाग नाही. सगळे सरांच्या भागात. आणि सगळ्यात मोठा शेरा शेवटच्या चाळीस ओळींवर. माझ्या गणिताने यादी तयार झाली की सर पुन्हा एकदा शाळेसारखी आठही गल्ल्यांची हजेरी घेतात. एजंट म्हणतो, ‘वर झालेलंच काम पुन्हा केलं आहे. हा भाग काढता येईल.’ सरांचा स्वभावच तो. वर्गाला कुलूप लावून दोनदा ओढून बघायचे.

पण सरांना न विचारता कसं काढायचं? सर आता बुलढाण्याला असतात, तिकडे फोन केला.

‘काय करून राह्यली वं?’

‘तुमचा प्रोग्राम तपासतेय, सर.’

‘किती दोष निंघाले?’

‘त्रेसष्ट.’ मी जरा घाबरतच सांगितलं.

‘बस? म्या तं दीडशे धरले होते!’ खो खो हसले. मग मी त्या चाळीस ओळींचं सांगितलं. तेव्हा मात्र हसणं थांबलं.

‘त्याले हात नको लावू.’

‘काऊन, सर?’

‘राहू दे नं. तुले जेवाले मांगून राह्यल्या का त्या?’

आणि विषय बदलून अम्मीची गुडघेदुखी विचारायला लागले. वाईट वाटलं. सत्तरीचा माणूस, रात्रंदिवस बसून लिहिलेल्या ओळी, आणि मी कालची पोर त्यांना त्रेसष्ट दोष मोजून दाखवते. नको होतं आकडा सांगायला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाकीचे बासष्ट दोष एजंट आणि मी मिळून दिवसभरात काढले. दर बदलाला तो परवानगी मागतो — करू का? करू का? नव्या सुनेसारखा! सुरुवातीला प्रत्येक ओळ वाचून हो दाबत होते. संध्याकाळी नुसतंच हो.

गंमत म्हणून चाळीस ओळी बंद करून आजपासूनच्या पाच दिवसांच्या पाळ्या काढून पाहिल्या. जशाच्या तशा! म्हणजे एजंट बरोबर होता. तरी ओळी परत चालू केल्या. सर म्हणाले आहेत ना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! आणि काय झालं!

अठरा जण स्क्रीनवर. वीज गेली नाही, नेट गेलं नाही. गावातल्या चालू प्रोग्रामवर हे होताना बघून सगळे चाट पडले. इराने विचारलं, पाळीचा हा भाग इतका नीटनेटका कोणी लिहिला? मी! बारावीत! सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. पुण्याच्या लोकांना माझं बोलणं ऐकून एरवी हसू येतं, आज कोणी हसलं नाही.

मग शेवटी तो एक दोष उरलेला दिसत होता. इरा म्हणाली, ‘तो कशाला ठेवलायस? काढ की, पाटी कोरी होईल.’ एजंटनेही विचारलं — करू का?

मी हो दाबलं.

दोष शून्य. सगळा हिरवा रंग. छान वाटलं. सरांना सांगेन नंतर.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुष्पाबाई आमंत्रण द्यायला आल्या. कुंभार गल्लीत राहतात, अम्मीची जुनी मैत्रीण. गुरुवारी त्यांच्या लेकीची हळद. मला जवळ घेऊन म्हणाल्या, ‘पोरी, तुह्याच गणितावर दिवस धरला बरं! आमची पाळी येते मंगयवारी, म्हंजे बाजारामुयं बुधवारी पानी. बुधवारी ड्रम भरले का गुरुवारी हयद.’

अंगावर मूठभर मांस चढलं. अब्बा तर त्या गेल्यावरही तासभर तेच बोलत होते.

सरांना फोन करायचा राहिला. उद्या करते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाजार. अम्मीने मेथी आणली, दोन जुड्या जास्तच. फोन आजही राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आत्ता कुठे लिहायला बसले.

सकाळी आठला पुष्पाबाई दारात. पदर खोचलेला, रिकामी घागर कमरेवर. ‘हीना, आमची पाळी कुठी गेली वं? मेसेज नाही, पानी नाही. वरच्या गल्लीले नळ आले! घरात पंचवीस पाहुनं हाय, मांडवाले शेण टाकाले बादलीभर पानी नाही!’

लॅपटॉप उघडला. काल मंगळवार, बाजार, पाणी नाही — बरोबर. आज कुंभार गल्ली हवी होती. यादीत आज वरची गल्ली! कुंभार गल्लीचं नावच नाही. आज नाही, उद्या नाही, थेट पुढच्या फेरीत. एवढी मोठी गल्ली मधल्यामध्ये गायब!

पहिला विचार आला तो लिहून ठेवते, लाज वाटली तरी: एजंटने घोळ घातला. दुसरा विचार सरांचा. चाळीस ओळी परत ठेवल्या. यादीत कुंभार गल्ली आली, मुकाट्याने, आपल्या जागेवर.

तशीच धावत टाकीवर गेले. अकीलचाचा वरच्या गल्लीचं पाणी बंद करत होते. सगळं सांगितलं — चूक माझी आहे, ओळी मी काढल्या. ते टाकीकडे बघत राहिले. ‘टाकी अर्धी बी नाही राह्यली.’ मग कपाळावरचा घाम पुसला. ‘पन हयदीचं घर हाय. देतो वं, तास-दीड तास. जाय, सांग त्याहिले ड्रम लावाले.’

दहाला नळ आले. ड्रम गळ्यापर्यंत नाही भरले, पण भरले. पुष्पाबाई पाहुण्यांना सांगत होत्या, ‘हिच्यामुयं आलं पानी.’ मी नळाखाली घागर धरून उभी राहिले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हळद लागली. मलाही लावली, कानाच्या मागे पिवळं राहिलंय अजून. मांडवात शेण नीट सारवलेलं, पोरी नाचल्या, जेवणं झाली. वरणाबरोबर वांग्याची भाजी होती! पोट भरून हसले आज. कालचं सगळं लांबचं वाटतंय.

तरी एक खुपतंय. मी पाच दिवस तपासलं होतं, पाळ्या सारख्या आल्या होत्या. गुरुवार ते सोमवार. त्यात मंगळवार नव्हता. बाजाराच्या गावात राहते आणि बाजार सोडून तपासलं!

उद्या एजंटला वेगळा प्रश्न विचारते. आत्तापर्यंत विचारलं, यात चूक काय. कशासाठी आहे, हे विचारलंच नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. उत्तर दोन वाक्यांत आलं. बाजाराच्या दिवशी माझं गणित तारीख सोडतं, आणि तारखेबरोबर त्या दिवशीची गल्लीही सोडून देतं. खालच्या चाळीस ओळी ती सुटलेली गल्ली दर आठवड्याला शोधून परत आणतात.

सरांच्या ओळींची तारीख पाहिली. ग्रामपंचायतीत माझं नाव घेतलं त्याच्या आदल्या दिवशीची.

फोन केला. ‘सर, सांगितलं का नाही?’

‘बारावीतली पोर होती तू. म्हटलं, एक दिवस तुलेच सापडन.’

माझं गणित दुरुस्त केलं. तीन ओळी लागल्या. वर्षभराचे सगळे मंगळवार तपासले, मग सरांना विचारलं, आता काढू का तुमच्या?

‘हाव. आता काढ.’

ओसरीवर अब्बा कोणाला तरी सांगत होते, पाळीचं गणित आमच्या हीनाचं आहे. आज पहिल्यांदा ते खरं होतं.