ओहायोच्या निकालाचे पाकीट

मी, दादू भिकाजी नागवेकर, वय बहात्तर, धंदा पूर्वी टपाल वाटणे व हल्ली टपालाची वाट पाहणे, राहणार भाट्ये, तालुका रत्नागिरी, आज बुधवारी सकाळी दोन कप चहा पिऊन, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत माझा चुलतभाऊ केरू यास विचारू नये. त्याचे मत पहिल्यापासून वेगळे आहे.

लिहिण्याचे कारण असे की, शुक्रवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "निम्मी आशा धरा." मी म्हटले, "म्हणजे एक मत इकडे सरकले की मी निवडून आलो." ते हसले नाहीत. मला मात्र परवापासून हसू आवरत नाही. घाबरलो की माझे असेच होते. बोहल्यावरही झाले होते, तुळसा जन्मभर त्यावरून बोलली.

कलम १. घर, चौदा माड आणि विहिरीतला माझा हिस्सा लांज्याला दिलेली माझी एकुलती मुलगी काशी हिला द्यावा. टपालातली शिल्लक काशीची मुलगी विमला हिच्या शिक्षणाला. सायकल शेजारच्या शिवाला. तिची घंटा वाजत नाही, मी तोंडाने वाजवत असे. त्यानेही लाजू नये.

कलम २. लाकडी पेटीतले इंग्रजी पुस्तक. हे माझे मित्र वजीर हसन होडेकर यांनी १९४६ साली बोटीवर खलाशी असताना एका कप्तानाच्या रद्दीतून उचलून मला आणून दिले. म्हणाले, "तू टपालातला, तुला इंग्रजी वाचता येते." मला तेव्हा फक्त पत्ते वाचता येत. पण नाही कसे म्हणणार? डिक्शनरी घेतली आणि बसलो.

पुस्तक निघाले एझ्रा विल्कॉक्स नावाच्या अमेरिकन पुढाऱ्याचे चरित्र. ओहायो प्रांतातला, जन्म १८११, बाप नदीवर होडी चालवणारा. ते ऐकताच वजीर म्हणाला, "म्हणजे आमच्यातलाच." होडेकरांची भाट्याच्या खाडीवर माणसे पलीकडे नेणारी तर पिढ्यान्‌पिढ्या होती. एझ्राने पहिली निवडणूक लढवली ती होडीचा कर उठवण्यासाठी, आणि पडला. दुसऱ्यांदा चार तास भाषण केले, लोक जेवायला गेले, आणि पडला. तिसऱ्यांदा आवाज बसला म्हणून गप्प राहिला, आणि आला. पुढे वॉशिंग्टनला गेला. गुलामगिरीच्या बाजूचा कायदा आला तेव्हा स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिले. पक्षाने हाकलले, मित्र तुटले, घरावर दगड पडले. त्यानंतर अठरा वर्षे घरी बसला. सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा उठला आणि गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला.

पान तीनशे बारा. मतमोजणी सुरू होते. पुढची पाने वाळवीने खाल्ली.

एझ्रा आला की पडला, हे मला चाळीस वर्षांत कळलेले नाही. मी म्हणतो आला. वजीर म्हणतो, "दादू, खरे बोलणारा माणूस एकदा चुकून येतो. दुसऱ्यांदा लोक सावध असतात. तुझा सायब पडला." यावर आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या पडवीत भांडतो. मी पावसात छत्री घेऊन जातो. तुळसा गेली त्या वर्षी मला जेवण जाईना, बोलणे सुचेना. तेव्हा वजीर तेराव्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "तुझा सायब पडला." मी चवताळून उठलो. त्या दिवशी पोटभर जेवलो. हे मी त्याला कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

कलम ३. भिंतीवरची तसबीर. पुस्तकातले एझ्राचे चित्र मी आजोबांशेजारी लावले होते. केरूने नव्या सुनेला, गंगूला, पूर्वज समजून त्याच्या पाया पडायला लावले. दाढी आमच्या आजोबांसारखीच, त्यात केरूचा दोष नाही. खरे कळल्यावर तो सहा वर्षे माझ्याशी बोलला नाही. विहिरीवर पाठ करून पाणी काढी. तुळसाने मात्र तसबीर हलवू दिली नाही. म्हाळाच्या दिवशी एक पान एझ्रासाठी जास्त वाढी. म्हणे, "त्याला तिकडे कोण वाढतोय?" तसबीर गंगूला द्यावी. तिने एकदा मनापासून नमस्कार केलेला आहे, त्याला ती ओळखीची आहे. केरूला मी माफ केले आहे. मी परत आलो तर ही माफी रद्द समजावी.

कलम ४. मी मराठीत उतरवलेल्या चरित्राच्या अकरा वह्या विमलाला. अकरावीची शेवटची सहा पाने कोरी आहेत.

कलम ५. फडताळातले पाकीट. विमलाने ओहायोच्या एका ग्रंथालयाला निकाल विचारणारे पत्र धाडले. खाली माझी आणि वजीरची, दोघांची नावे घातली. गणपतीत उत्तर आले. पाकिटावरही दोघांची नावे. मी तीस वर्षे लोकांची टपाले वाहिली; दोघांच्या नावचे पाकीट एकाने फोडू नये, हा माझा नियम. पण आम्ही दोघेही ते फोडत नाही. कधी त्याचा चष्मा नसतो, कधी माझा. दोन महिने झाले. फोडले की एकजण जिंकणार, आणि मग संध्याकाळी करायचे काय?

काल वजीर प्रथमच म्हणाला, "जाण्याआधी फोडू या." त्याचा आवाज मला आवडला नाही. मी नाही म्हटले.

म्हणून लिहितो की, मी परत न आल्यास दहाव्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवावा. कावळा शिवणार नाही. काशीने रडू नये, घर सांभाळीन वगैरे म्हणू नये. वजीरने एकट्याने पाकीट फोडून, इंग्रजी विमलाकडून समजून घेऊन, निकाल मोठ्याने वाचावा. मी ऐकतो आहे असे समजावे. कावळा शिवेल.

वजीर यास साक्षीदार होता येत नाही, कारण पाकीट त्याच्या वाट्यास जाते, असे वकील म्हणतात. परंतु तो सही केल्याशिवाय हलत नाही, म्हणून त्यास खाली विरोधी पक्षाची जागा दिली आहे.

ठिकाण: भाट्ये, रत्नागिरी
दिनांक: १२ नोव्हेंबर १९८६

सही: दादू भिकाजी नागवेकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:
१. महिपत बाळा सुर्वे, निवृत्त शिक्षक
२. यमुनाबाई गोविंद मयेकर, शेजारीण (सही करताना "काय हा मेला वेडेपणा" असे म्हणाल्या)

विरोधी पक्षातर्फे:
कलम पाच मला मान्य नाही. मी एकटा फोडणार नाही. कावळा उपाशी राहिला तरी चालेल. तुझा सायब पडला. नाही म्हणायला परत ये.
वजीर हसन होडेकर