बाईंनी केलेला चहा

आई,

तुझी नणंद आता माझ्याकडे असते. बदलापूरला, कुळगावातल्या माझ्या दोन खोल्यांत. कपाळाला हात लावू नकोस, ते काम मी रोज करते. कॅम्प चारच्या आपल्या जुन्या घरात जिच्या आवाजाने तुझ्या हातातली भांडी सुटायची, ती आत्या आता परकर उलटा घालते, आणि मी सरळ करायला गेले की म्हणते, "हात लावू नको, मुख्याध्यापकांना सांगीन." डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "तू घरीच असतेस ना, शिवणच तर करतेस." शिवणच तर! तिची कवळी तांदळाच्या डब्यात सापडते. मी घातलेला टाका ती मागून उसवते, "वेडावाकडा आहे, पुन्हा घाल." रोज सकाळी पर्स काखेत मारून दाराशी उभी, शाळेत शिकवायला उशीर झाला म्हणून. एकदा मी साडीला फॉल लावत होते आणि ही निघाली की! तीन तास माझ्या जिवात जीव नव्हता. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी एका फुलवालीजवळ बसली होती. ब्लाऊजच्या आत मी माझा फोन नंबर शिवून ठेवला होता म्हणून सापडली. घेऊन आलेला रिक्षावाला म्हणाला, "मौसी बोल रही थी, बच्चे लाइन में खड़े हैं." आणि मौसीने मलाच झापलं, एवढा उशीर का केलास म्हणून.

अशा माणसांना सांभाळणाऱ्यांची एक बैठक असते, तिथे गेले होते. माईकवर एक बाई म्हणाल्या, या सेवेतून खूप काही मिळतं, काय मिळालं ते प्रत्येकीने कागदावर लिहा. मी 'कंबरदुखी' लिहिलं आणि घरी आले.

ती मला वहिनी म्हणते. म्हणजे तू. सुरुवातीला मी सांगायचे, "आत्या, वहिनी गेली, तीस वर्षं झाली." तर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग सोडून दिलं. एका शुक्रवारी दुपारी मात्र माझा तोल गेला. लग्नाचा ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता, आणि हिचं "वहिनी, चहा" तासाभरात चौथ्यांदा. चहा दिला की "मी कुठे घेतला?" मशीन थांबवली आणि ओरडले, "नाही करणार! हात मोडलेत का तुमचे, बाई? करा की एकदा स्वतः!" तू तिला 'बाई' म्हणायचीस, ते कसं तोंडात आलं कोण जाणे.

ती उठली आणि ओट्याकडे गेली. मी धावत जाऊन गॅसचा रेग्युलेटर चालू केला, एरवी बंदच ठेवते, आणि मागे उभी राहिले. तिने पाणी ठेवलं, पावडर टाकली, दूध विसरली, साखर म्हणून मीठ घातलं. कपबशी आणली, पायाने स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बस आधी. रोज ओट्याशी उभ्याउभ्याच पितेस. कामावर पण उभी, घरी पण उभी. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

आई, तिने बघितलं होतं. दिवसभर जीन्सच्या कारखान्यात उभ्याने धागे कापून तू यायचीस आणि ओट्याशीच चहा संपवायचीस, ते ती खुर्चीत वह्या तपासत बघत होती. इतकी वर्षं! मग तेव्हा का नाही गं बोलली? स्टूल तर तेव्हाही होतं घरात. मला इतका संताप आला की ते खारट पाणी घटाघटा पिऊन टाकलं. नंतर तुझाच राग आला. तू एकदा ओरडायचं होतंस, आई. एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा ओरडले. ती काही उठली नाही. हमसून हमसून रडली आणि पर्स घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. त्यानंतर नाही ओरडले, म्हणजे तिने पुन्हा तसं बोलावं म्हणून नाही. आता "वहिनी" म्हणाली की "काय, बाई?" म्हणते आणि मशीन चालवत ऐकते. परवा म्हणाली, "नळावर एवढ्या मोठ्याने हसू नको, वहिनी, पार शाळेपर्यंत ऐकू येतं." मी तुला मोठ्याने हसताना कधीच ऐकलं नाही. दिवसभर ते डोक्यात होतं, एक बाही उलटी जोडली मी. दादाला सांगणार नाही, पण ही अजून थोडी वर्षं राहावी असं वाटून गेलं, आणि तेवढ्यात तिने भाजीत पाण्याचा तांब्या ओतला.

आत्ता ती समोर येऊन बसली आहे. "कुणाला लिहितेस?" म्हणाली.

"माहेरी," म्हटलं.

"लिही. पण आमचं वाईट लिहू नको हं."

"नाही लिहीत, बाई," म्हणाले, आणि कागद हाताखाली झाकला.