शिष्यवृत्तीची वर्गणी

काळाचौकी,
मंगळवार

तीर्थस्वरूप दौलतदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे सीमाचा, वाकून नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही सगळे इकडे बरे आहोत, अक्षदाच्या बाबांचं पित्त सोडलं तर. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा गुडघ्याला बांधतोस की गोठ्याच्या फाटकाला, ते खरं कळव. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गणपतीनंतर करायचं ठरलं आहे ना? भाताची लावणी आटोपली असेलच. माडीवरच्या खोलीत तू अजून आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवतोस का? त्या खोलीच्या खिडकीला कडी नव्हती, ती बसवलीस का? आणि सकाळची सातची एसटी हल्ली वेळेवर येते का? (सहज विचारते आहे. बहिणीने माहेरची चौकशी करू नये असा काही नियम नाही.)

फोन असताना पत्र कशाला, असं तू वहिनींना आत्ता म्हणाला असशील. दादा, तुला फोनवर काही सांगितलं की ते अख्ख्या वाडीला कळतं, कारण तू फोन स्पीकरवर टाकून खळ्याच्या कठड्यावर ठेवतोस आणि स्वतः चार हात लांब उभा राहून ओरडतोस. मागच्या वेळी माझ्या दाढदुखीवर तुमच्या पोस्टमनने मला औषध कळवलं होतं. शिवाय आमच्या दीड खोलीत फोनवर बोललं की ते ह्यांनाही ऐकू जातं. म्हणून पत्र.

आता अक्षदाचं. बारावीला तिला त्र्याण्णव टक्के पडले आणि प्रवेश परीक्षेतही छान गुण मिळाले, हे तुला ठाऊक आहे. त्यानंतर आमच्याकडे गुणगौरवाचा मोसम सुरू झाला. आपल्या चाळीचं मंडळ, पलीकडच्या चाळीचं मंडळ, गावकऱ्यांचं मुंबईतलं मंडळ, ह्यांच्या मॉलमधली कामगार सोसायटी, अशा चार ठिकाणी तिचा सत्कार झाला. तीन भिंतीवरची घड्याळं मिळाली (तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात, त्यामुळे ह्यांना कामावर जायला उशीर झाला की एक ना एक घड्याळ त्यांच्या बाजूने असतंच), पाचवीतल्या मुलीला शोभेल असं एक दप्तर मिळालं, आणि शाली इतक्या की मी एकीचा उशीला अभ्रा केला. प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की या मुलीने खूप शिकावं. कुठे आणि कशाच्या जोरावर, ते मात्र नारळ देऊन झाल्यावर कुणी बोललं नाही.

तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं आहे. माटुंग्याच्या सरकारी कॉलेजची यादी तिच्या नावाच्या जरा अलीकडेच संपली. बाकीची मुंबईतली कॉलेजं फीचा आकडा अशा सहजपणे सांगतात की जणू आपण मंडईत दोडक्याचा भाव विचारला. कर्ज काढायचं नाही, हे अक्षदानेच पहिल्या दिवशी सांगितलं. मग तिने एक वही केली. प्रत्येक कॉलेजला एक पान, आणि पानावर चार प्रश्न: फी किती, गुणांवर सवलत किती, ती किती वर्षं टिकते, आणि राहण्या-जेवण्याचं काय. तिच्या वयाची असताना मी वहीत मेंदीची नक्षी काढत होते, त्यामुळे ही मुलगी नक्की कुणावर गेली ते मला कळत नाही. बहुतेक तुझ्यावर गेली असेल, तूही बैल घेताना त्याचे दात स्वतः मोजतोस.

तर पनवेलच्या पुढे एक खासगी विद्यापीठ आहे. (नाव लिहीत नाही. त्यांची पुरेशी जाहिरात आपल्या हातून झालेली आहे, ते पुढे येईलच.) त्यांनी दादरच्या एका हॉलमध्ये प्रवेशाचा मेळावा ठेवला होता आणि अक्षदाला पत्र आलं की तुमच्या गुणांवर तुम्हाला पंचवीस टक्के शिष्यवृत्ती मंजूर आहे. ते पत्र वाचून ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कारण दादा, तुझे मेहुणे चोवीस वर्षं मंडळाची वर्गणी गोळा करतात. त्यांचा सिद्धान्त असा आहे की समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा हा आकडाच नसतो. आपल्याला हवं त्याहून जास्त मागायचं, तो नाही म्हणणार, मग आपण थोडं खाली यायचं, मध्ये कुणी वडीलधाऱ्याने पडायचं, आणि शेवटी देणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण होऊन दिलं. पंचवीस टक्के म्हणजे त्यांच्या मते नुसतं दार उघडल्यासारखं होतं. आत जायचं अजून बाकी होतं.

वर्गणीला एकट्याने जायचं नसतं, त्यामुळे दादरला आम्ही पाच जण गेलो. हे, मी, अक्षदा, मंडळाचे अध्यक्ष नाना (वय अठ्ठ्याहत्तर, मागण्यासाठी तोंड उघडण्याआधीच लोक खिशात हात घालतात अशी ख्याती) आणि मंडळाचा घोषणा देणारा कोंडीराम. पुरुषांनी मंडळाचे भगवे टी-शर्ट घातले होते. ह्यांच्या काखेत पावतीपुस्तक होतं. पावतीपुस्तक कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, सवय आहे, हात मोकळा असला की सुचत नाही.

टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी बसली होती, इरावती मॅडम. नानांनी रीतीप्रमाणे आधी पाणी मागितलं. मग तिचं गाव विचारलं. तिचं आजोळ लांज्याचं निघालं, तेव्हा लांज्यातल्या तीन कुटुंबांची उजळणी झाली आणि त्यातलं एक नानांच्या चुलत साडवाचं निघालं. मागे रांगेत उभे असलेले पालक घड्याळं बघायला लागले. वीस मिनिटांनी ह्यांनी विषयाला हात घातला, की मॅडम, पंचवीस म्हणजे काही शोभत नाही, तुम्ही मनावर घेतलंत तर शंभर सहज होतील. ती गोड हसून नाही म्हणाली. हे पंचाहत्तरवर आले. ती आणखी गोड हसली. नाना मध्ये पडले. आता काहीतरी जमणार असं वाटून कोंडीरामने सवयीने मोठ्यांदा गणपती बाप्पा म्हटलं, आणि दादरचाच हॉल तो, दोनशे पालक मोरया म्हणाले. त्यात फॉर्म भरत असलेले एक प्राध्यापकही होते.

या गोंधळात अक्षदाने वही उघडून मॅडमना शांतपणे विचारलं, "ही शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी पण असते का?" मॅडमनी तिला विद्यापीठाचं नाव छापलेलं एक पेन दिलं आणि प्रश्न फार छान आहे म्हणाल्या. उत्तर दिलं नाही. अक्षदाने त्याच पेनाने वहीत एक फुली मारली. ती मी पाहिली, ह्यांनी पाहिली नाही, कारण तोवर इरावती मॅडमनी नानांना एक प्रश्न विचारला होता: तुमच्या मंडळाच्या कमानीखालून दिवसाला साधारण किती माणसं जातात?

दादा, नानांना हे विचारणं म्हणजे तुला तुझ्या हापूसबद्दल विचारण्यासारखं आहे. ते अर्धा तास बोलले. दहा दिवसांची गर्दी, लालबागहून इकडे वळणारी रांग, कमानीची उंची, कमानीवरचे दिवे, सगळं. मॅडमनी आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनीही पाणी घेतलं, साहेबांनीही गाव सांगितलं. हे खुशीत येऊन मागत गेले, साहेब घासाघीस करत गेले, नाना मध्ये पडले, आणि पावतीपुस्तकातली एक पावती फाटली. सगळ्यांनी हात मिळवले. अक्षदाच्या हातात एक पाटी देऊन तिचा फोटो काढला गेला. आम्ही वाजतगाजत बाहेर पडलो आणि समोरच्या हॉटेलात चहा मागवला.

चहा आल्यावर अक्षदा म्हणाली, "बाबा, माझं काय झालं?"

कोंडीराम बशीत बघत राहिला. मग नाना म्हणाले, "पोरी, ते राहिलंच." मुलीची शिष्यवृत्ती वाढवायला गेलेली आमची मंडळी मंडळाच्या अख्ख्या कमानीची जाहिरात घेऊन आली होती. टक्के पंचवीसच होते आणि तेही एका वर्षापुरते, हे अक्षदाने नंतर पत्राच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचून दाखवली तेव्हा कळलं.

पुढची गंमत अशी की परवा कमान उभी राहिली. तिच्यावर एका बाजूला पापडवाले आहेत आणि दुसऱ्या बाजूला सात फूट उंचीची आमची अक्षदा, खाली 'आमची गुणवंत विद्यार्थिनी'. जिथे ती जाणार नाही तिथली गुणवंत विद्यार्थिनी म्हणून ती आता बाप्पा येईपर्यंत आणि गेल्यावरही चार दिवस तिथे उभी राहणार. खरी अक्षदा मागच्या बोळातून ये-जा करते. दोन मुली तिला शोधत घरी आल्या, ताई, ते विद्यापीठ कसं आहे विचारायला. तिने त्यांना फक्त दुसऱ्या वर्षाचं विचारून या म्हणून सांगितलं, आणि दोघीही दुसरीकडे गेल्या. जाहिरातीचे उरलेले पैसे मिळेपर्यंत तिने घराबाहेर पडू नये, असं मंडळात दबक्या आवाजात चाललं आहे.

मी ह्यांची थट्टा करते खरी, पण त्या दिवशी दादरहून आल्यावर हे रात्री जेवले नाहीत. दुसऱ्यांसाठी चोवीस वर्षं मागितलं, स्वतःच्या मुलीसाठी एकदा मागितलं तर विसरून आलो, असं म्हणाले. मला तेव्हा हसू आलं नाही.

असो. शेवटी सगळं ठीक झालं आहे. सरकारी यादीच्या दुसऱ्या फेरीत अक्षदाला एक चांगलं सरकारी कॉलेज लागलं आहे. इलेक्ट्रिकलच. फी आपल्या आवाक्यातली, शिवाय गावकरी मंडळाच्या ट्रस्टची गुणवत्ता शिष्यवृत्ती चारही वर्षं, मार्क टिकवले तर. वहीतल्या चार प्रश्नांपैकी तिनांची उत्तरं तिला हवी तशी मिळाली आहेत. तेव्हा काळजीचं काही कारण नाही आणि तुला मुद्दाम कळवावं असंही विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार, वाडीतल्या सगळ्यांना आठवण सांग.

तुझी,
सीमा

ता. क. १ : कॉलेज कुठे आहे ते लिहायचं राहिलं. तुझ्या घरापासून सातच्या एसटीने पाऊण तासावर आहे. चौथा प्रश्न राहण्या-जेवण्याचा होता. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नाही.

ता. क. २ : आता खरं लिहिते. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत तिथे जाऊन जागा पक्की करायची आहे, आणि ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणतात, "माझा बाप सोळाव्या वर्षी एसटीत बसून गिरणीत आला, आणि मी मुलीला त्याच एसटीत उलटी बसवू?" मुलगी माझ्या ऐपतीपायी परत गावी गेली असं चाळीत होईल, हे त्यांच्या मनात घर करून बसलं आहे. मी सांगून ते ऐकणार नाहीत. अक्षदा तर काही मागतच नाही, रोज वही उघडते आणि मिटते. पण दारात येऊन रीतीने मागणाऱ्याला ह्यांनी आजवर नाही म्हटलेलं नाही. तेव्हा दादा, तू रविवारी ये आणि आमच्याकडे अक्षदाला माग. वहिनींचं ऑपरेशन आहे, घरात शिकलेलं माणूस हवं आहे, काय वाटेल ते सांग. आल्या आल्या विषय काढू नकोस. आधी पाणी घे, त्यांच्या पित्ताची चौकशी कर, कमानीचं कौतुक कर. मग पाच वर्षं माग. ते चारवर येतील. नानांना मी बोलावून ठेवते. माझं विचारशील तर मला ती जायला नकोच आहे. तिच्याशिवाय या दीड खोलीचं मी काय करू ते मला माहीत नाही. पण तिच्या वहीत तसा प्रश्न नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. पाकिटावर पत्ता ह्यांच्याकडून घालून घेते (पावत्या लिहून अक्षर सुरेख झालं आहे). त्यांना यातलं काही कळलेलं नाही, तूही कळू देऊ नकोस.

ता. क. ३ (अक्षर निराळं दिसेल) : दौलतराव, सप्रेम नमस्कार. पाकीट पत्ता घालायला माझ्याकडे आलं तेव्हा ते डकवलेलं नव्हतं. सीमा लग्नानंतरच्या बावीस वर्षांत गॅस बंद करायला आणि पाकीट डकवायला कधी विसरलेली नाही, म्हणून वाचलं. तुम्ही रविवारी जरूर या. फक्त पाच वर्षं मागू नका, मी त्याच धंद्यातला आहे, मला हसू येईल. चारच मागा. मी आधी नाही म्हणेन, नाना मध्ये पडतील, मग मी देईन. रीत आहे, तेवढी होऊ द्या. आणि निघण्याआधी माडीवरच्या खिडकीला कडी बसवून या. — हितेंद्र