पहिल्या रांगेतली खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, तीनदा निवडून आलेली आणि दोनदा सपशेल आपटलेली माजी संसद सदस्य, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. ते भल्याभल्यांना जमले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, तीन खोल्या व मागचा व्हरांडा, माझ्या एकुलत्या एक मुलीला. अट कोणतीही नाही. विकले तरी हरकत नाही. त्या घरात तिने फार वाट पाहिली आहे.

२. पक्षाला काहीही देऊ नये. पाचही वेळा त्यांनी मला पडेल जागा दिली. पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात एका ज्येष्ठ सदस्यांनी मला फर्मावले, "बाई, एक चहा आणा." मी आणला, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून स्वतःच प्यायले. ते आता हयात नाहीत, म्हणून ते भांडण इथे मिटवते.

३. 'स्त्रिया' अशी पितळी पाटी माळ्यावर आहे. सभागृहात बायकांसाठी शौचालयच नव्हते. रस्ता ओलांडून वाचनालयात जावे लागे. साडेतीन वर्षे भांडले तेव्हा कुठे एक दार मिळाले. इमारतीचा तो भाग पाडला तेव्हा पाटी मी उचलून आणली. चोरी म्हणा हवे तर. ती वाचनालयाला द्यावी, त्यांनीच आमची अब्रू राखली.

४. टाइपरायटर माझ्या टंकलेखकाला. हा कागदही तोच टाइप करतो आहे. पुढच्या कलमात लिहिले आहे त्याचा दोष त्याला कोणी देऊ नये. सही माझी होती.

५. मुलगी नऊ वर्षांची असताना मी महिन्यातून चार दिवस घरी असे. तिने मला कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र घातले: "आई, शुक्रवारी शाळेत नाटक आहे. मी झाड आहे. झाडाला बोलायचं नसतं, पण नीट उभं राहायचं असतं. तू ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवते."

पत्र मतदारांच्या गठ्ठ्यात गेले. त्या गठ्ठ्याला टंकलेखक एकच ठरलेले उत्तर टाइप करी. गाडीत बसल्या बसल्या, न वाचता, मी ऐंशी सह्या ठोकल्या. पोरीला उत्तर गेले: "आपले निवेदन मिळाले. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." त्या शुक्रवारी मी सभागृहात मुलींच्या शाळांवर बोलत होते. बाके वाजली.

शेवटची निवडणूक हरल्यावर वेळच वेळ होता, म्हणून तिच्याकडे राहायला गेले. तिने ते उत्तर माझ्यापुढे ठेवले. "जपून ठेवलंय," म्हणाली, "तुझी सही आहे ना त्याच्यावर." मूळ पत्र मी मग घरी परतल्यावर जुन्या फायलींतून शोधून काढले. कोपऱ्यात आवक क्रमांकाचा शिक्का आहे. तेव्हापासून आमचे बोलणे तब्येतीपुरते. ती फोन ठेवते, मी रिसीव्हर धरून बसून राहते. मला तिची फार फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात, ठाऊक नाही.

६. तिच्या त्या पत्राला मी आता लिहिलेले सोबतचे उत्तर माझ्या मृत्यूनंतर मुलीस पोचते करावे.

इथवर आल्यावर टंकलेखक थांबला. चष्मा काढून म्हणाला, "बाई, हेही उत्तर माझ्याच हातून पाठवायचं का?"

मेल्याने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडले, आणि तेही नेमके.

कलम सहा रद्द.

हा कागद मी अक्षरन् अक्षर वाचून सही करते आहे. साक्षीदारांनी मात्र चटकन उरकावे, माझी साडेचारची गाडी आहे. मुलीला कळवलेले नाही. ती बोललीच पाहिजे असे नाही. तिच्या दारात मी नीट उभी राहीन.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, शुक्रवार, दुपारी तीन

सही: मृत्युपत्र करणारी

समक्ष सह्या:
१. शेजारचे डॉक्टर (प्रवास करू नका म्हणाले, ऐकलेले नाही)
२. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (पिशवी भरून देत आहेत)